आरोपाविना आत

१९४१ साली ना. म. जोशी राजपुतान्यातल्या देवळीच्या छावणीला भेट द्यायला गेले. नामदार गोखल्यांच्या भारत सेवक समाजात घडलेला हा शांत, मवाळ माणूस. १९११ साली त्यांनी मुंबईत सोशल सर्व्हिस लीग उभी केली, १९२० साली आयटक या कामगार संघटनेच्या स्थापनेत पुढाकार घेतला आणि १९२१पासून मध्यवर्ती कायदेमंडळात ते कामगारांची बाजू मांडत होते. कम्युनिस्टांशी त्यांचं पटत नव्हतं. १९२९ साली नागपूरच्या अधिवेशनात आयटक फुटली, ती याच मतभेदावर, आणि तेव्हा जोशी बाहेर पडले होते. देवळीला ते भेटायला गेले ते मात्र त्याच लाल बावट्याच्या लोकांना. श्रीपाद अमृत डांगे तिथे होते, भा. त्र्यं. रणदिवे होते, काँग्रेस समाजवादी पक्षाचे जयप्रकाश नारायण होते आणि देशभरातून उचलून आणलेले दोनशेच्या घरातले कार्यकर्ते होते. खटला त्यांच्यापैकी कुणावरही चाललेला नव्हता. आरोपपत्रच नव्हतं, त्यामुळे बचाव कसला करायचा हाही प्रश्न नव्हता. शिक्षा झालेली नव्हती, म्हणून ती संपण्याची तारीखही नव्हती.

देवळी हे अजमेर-मेरवाड्यातलं जुनं लष्करी ठाणं. (आपल्या वर्ध्याजवळची देवळी वेगळी.) १९३०च्या दशकात बंगालमधल्या क्रांतिकारक गटांतले संशयित तिथे आणून ठेवले जात. महायुद्ध सुरू झाल्यावर सरकारला ही जागा पुन्हा आठवली, याचं कारण तिचं दूरपण. मुंबईच्या गिरणी कामगाराच्या बायकोने नवऱ्याला भेटायला जायचं म्हटलं तर भाड्यालाच महिन्याचा पगार गेला असता, आणि पगार आणणारा तर आत बसलेला. म्हणूनच छावणीतल्या लोकांच्या मागण्या वाचताना राजकारणापेक्षा संसार जास्त दिसतो. आम्हाला आपापल्या प्रांतातल्या तुरुंगात पाठवा, घरच्यांना निर्वाहभत्ता द्या, पहिला वर्ग आणि दुसरा वर्ग असा भेद काढून टाका. ऑक्टोबर १९४१मध्ये या मागण्यांसाठी उपोषण सुरू झालं आणि ते जवळपास महिनाभर चाललं. जोशींनी कायदेमंडळात हा विषय लावून धरला आणि मध्यस्थी केली. १९४२च्या सुरुवातीला छावणी मोडून लोकांना आपापल्या प्रांतांत हलवण्यात आलं.

ज्यांच्यामुळे आपली संघटना फुटली त्यांच्यासाठी भांडणारा नेता कामगार चळवळीत विरळाच. जोशींच्या आयुष्यातला हा प्रसंग त्यांच्या चरित्रात आहे त्यापेक्षा मोठ्या जागेचा धनी आहे.

ही माणसं आत कशी गेली? डांगे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २ ऑक्टोबर १९३९ रोजी मुंबईत युद्धाविरुद्ध एक दिवसाचा संप घडवला होता. सुमारे ९०,००० कामगार त्यात उतरले. पाठोपाठ मार्च १९४०मध्ये महागाई भत्त्यासाठी गिरण्या बंद पडल्या आणि तो संप महिन्याहून अधिक चालला. संप करणं हा गुन्हा असेल तर त्यावर खटला भरता येतो. कम्युनिस्टांवरच्या मीरतच्या खटल्यात सरकारने तेच केलं होतं. पण त्या खटल्याला साडेतीन वर्षांहून अधिक काळ लागला, आरोपींना कोर्टात सविस्तर भाषणं करायला मिळाली आणि वर्तमानपत्रांनी ती छापली. युद्धाच्या धामधुमीत एवढा उपद्व्याप सरकारला नको होता. २९ सप्टेंबर १९३९ रोजी मंजूर झालेल्या भारत संरक्षण कायद्याने त्याच्या हाती सोपा मार्ग दिला. या कायद्याखाली केलेल्या नियमांपैकी २६वा नियम असा होता की अमुक माणूस देशाच्या संरक्षणाला, सार्वजनिक सुरक्षिततेला किंवा युद्धप्रयत्नाला बाधक वागू नये म्हणून त्याला अडकवून ठेवणं आवश्यक आहे, याबद्दल सरकारची ‘खात्री’ झाली की पुरे. त्याने काय केलं, हे सिद्ध करायची गरजच नाही. तो पुढे काय करील याचा सरकारी अंदाज हाच पुरावा.

ही युक्ती नवी नव्हती. कंपनी सरकारने १८१८ साली बंगालसाठी तिसरं रेग्युलेशन केलं आणि १८२७ साली मुंबई इलाख्यासाठी पंचविसावं. ‘राज्यहिताच्या कारणास्तव’ कुणालाही खटल्यावाचून कैदेत ठेवण्याची मुभा त्यांत होती. संस्थानिक, पदच्युत सरदार, परके हेर असे लोक डोळ्यांपुढे ठेवून ते कायदे केलेले होते. पुण्याला त्यांची झळ लागली ती प्लेगच्या साली. २२ जून १८९७च्या रात्री गणेशखिंडीच्या रस्त्यावर प्लेग अधिकारी रँडवर गोळ्या झाडल्या गेल्या. जुलैच्या अखेरीस नातू बंधूंना, सरदार बाळासाहेब आणि तात्यासाहेब यांना, सत्तर वर्षं जुन्या त्या रेग्युलेशनखाली पकडण्यात आलं. त्यांची मालमत्ता सरकारने ताब्यात घेतली. रँडवर गोळ्या कुणी झाडल्या हे पुढे कोर्टात उघड झालं, चापेकर बंधू फाशी गेले, आणि नातूंवर मात्र शेवटपर्यंत कसलाच आरोप ठेवला गेला नाही. सुटका झाली ती १८९९मध्ये. त्याच १८९७च्या डिसेंबरात अमरावतीला काँग्रेस भरली तेव्हा या अटकेचा निषेध झाला. नातू हे पुण्याच्या कर्मठ गटातले. त्यांचं राजकारण न पटणारे कितीतरी लोक त्या मांडवात बसले होते, तरी निषेधाला सगळ्यांनी हात वर केला.

पहिल्या महायुद्धात १९१५चा भारत संरक्षण कायदा आला. मुहंमद अली आणि शौकत अली छिंदवाड्याला नजरकैदेत गेले, ॲनी बेझंट १९१७च्या उन्हाळ्यात उटकमंडला. बंगाल आणि पंजाबात अटकेचा आकडा शेकड्यांनी मोजावा लागे. युद्ध संपताच हा कायदा जाणार होता. तो जाण्याच्या आत रौलट समितीने त्यातला गाभा शांततेच्या काळासाठी राखून ठेवायची शिफारस केली आणि मार्च १९१९मध्ये रौलट कायदा झाला. एप्रिलमध्ये जालियनवाला बाग. इथपर्यंतचा इतिहास शाळेतही शिकवला जातो. दुसऱ्या महायुद्धात कोर्टांमध्ये जे घडलं ते मात्र फारसं सांगितलं जात नाही, आणि त्यातला एक मोठा अध्याय मुंबईचा आहे.

केशव तळपदे हे नाव आज मुंबईत कुणाला विचारलं तर ओळखीचं वाटणार नाही. वकिलांच्या पुस्तकांत ते आहे. ‘छोडो भारत’च्या धरपकडीत मुंबई सरकारने त्यांना नियम २६खाली स्थानबद्ध केलं. सुटकेसाठीचा हेबिअस कॉर्पसचा अर्ज मुंबई उच्च न्यायालयात टिकला नाही. अपील दिल्लीच्या फेडरल कोर्टात गेलं. सरन्यायाधीश सर मॉरिस ग्वायर यांच्या कोर्टाने कायदा आणि नियम शेजारी शेजारी ठेवून वाचले. कायद्याने सरकारला नियम करायचा अधिकार दिला होता तो ज्यांच्याविषयी वाजवी संशय आहे अशा लोकांपुरता. नियमात संशयाचा उल्लेखच नव्हता. सरकारची खात्री झाली की माणूस आत, मग ती खात्री कशावरून झाली हे कुणी विचारायचं नाही. म्हणजे कायद्याने दिलं होतं त्याहून जास्त नियमाने घेतलं होतं. २२ एप्रिल १९४३ रोजी फेडरल कोर्टाने नियम २६ त्याच्या त्या रूपात बेकायदा ठरवला.

गांधीजी, नेहरू, पटेल, मौलाना आझाद यांच्यासह हजारो माणसं त्या वेळी आत होती. एका निकालाने त्यांच्या कोठडीची दारं उघडायला हवी होती. सहा दिवसांनी, २८ एप्रिलला, व्हाइसरॉयने वटहुकूम काढला आणि कायद्यातलं ते कलमच पूर्वलक्षी प्रभावाने बदलून टाकलं. नियम २६ पहिल्यापासून वैध होता असं मानावं, असा त्याचा अर्थ. ग्वायर त्याच सुमारास निवृत्त झाले. परकीय राजवटीने नेमलेला इंग्रज न्यायाधीश भर युद्धात, जपानी फौजा ब्रह्मदेशात येऊन ठेपल्या असताना, सरकारच्या विरोधात असा निकाल देतो, याला जिगर लागते. आणि तो निकाल आठवडाभरही टिकू नये, याचं दुःख आज ऐंशी वर्षांनंतरही कागदपत्रं वाचताना होतं.

लंडनमध्ये याच प्रश्नावर नोव्हेंबर १९४१मध्ये निकाल लागला होता. तिथल्या रेग्युलेशन १८-बी खाली पकडलेल्या लिव्हरसिज नावाच्या माणसाने गृहमंत्र्यांना कोर्टात खेचलं होतं. रेग्युलेशनमध्ये ‘मंत्र्याला वाजवी कारण असेल तर’ असे शब्द होते. हाउस ऑफ लॉर्ड्सच्या चार न्यायाधीशांनी त्यांचा अर्थ लावला, मंत्र्याला तसं वाटलं की झालं. लॉर्ड ॲटकिन एकटे वेगळे पडले. कारण आहे की नाही हे कोर्टाने तपासलंच पाहिजे, नाहीतर शब्दांना अर्थ काय राहिला, असं त्यांनी लिहिलं. पुढच्या काळात इंग्लंडमधल्या न्यायालयांनी बहुमताचा तो निकाल बाजूला सारला आणि ॲटकिन बरोबर होते हे मान्य केलं.

अटकेचे हुकूम प्रत्यक्षात निघत कसे, याची माहिती कलकत्त्याच्या शिवनाथ बॅनर्जी खटल्यात बाहेर आली. बंगालच्या गृहखात्यातल्या वरिष्ठ अधिकाऱ्याने प्रतिज्ञापत्रावर सांगितलं की पोलिसांकडून शिफारस आली की स्थानबद्धतेचा हुकूम रीतीप्रमाणे लगेच काढला जाई. म्हणजे ज्या ‘सरकारच्या खात्री’वर सगळी इमारत उभी होती, ती खात्री करून घ्यायला वरच्या पातळीवर कुणी फाइल उघडूनही पाहत नव्हतं. हे एका प्रांताचं झालं. पण कामाचा रेटा आणि छापील नमुने सगळीकडे सारखेच असतात. आरोपपत्र, साक्षीपुरावा, उलटतपासणी या गोष्टींचा वकिलांना सोस आहे म्हणून त्या नाहीत. पोलिसांच्या शिफारशीत आणि माणसाच्या कोठडीत कुणीतरी थांबून विचार करावा, यासाठी त्या आहेत. त्या काढून टाकल्या की थांबणारं कुणीच उरत नाही.

दुसरी बाजूही मांडली पाहिजे. आत गेलेले सगळे निरुपद्रवी होते असं मुळीच नाही. जयप्रकाशांनी देवळीत पत्नी प्रभावतीदेवींच्या भेटीच्या वेळी बाहेर देण्यासाठी आणलेले कागद अधिकाऱ्यांनी हिसकावून घेतले. त्यांत भूमिगत संघटना बांधण्याची आणि त्यासाठी पैसा उभा करण्याची चर्चा होती. सरकारने ती पत्रं वर्तमानपत्रांना देऊन टाकली. पुढे हजारीबागच्या तुरुंगाची भिंत चढून ९ नोव्हेंबर १९४२च्या रात्री, ऐन दिवाळीत, जयप्रकाश पळाले आणि भूमिगत लढ्यात उतरले. बंगालमधल्या जुन्या कैद्यांत तर पिस्तूल चालवलेले लोक होते. भूमिगत गटातला खबऱ्या कोर्टात उभा राहिला तर त्याचा जीव जातो, अशी सरकारची तक्रार असे, आणि ती खोटी नव्हती. तरी जयप्रकाशांचे कागद हाती आल्यावर त्यांच्यावर खटला भरण्याइतका पुरावा सरकारकडे होता. तो न भरता त्यांना तसंच आत ठेवणं सरकारला सोयीचं वाटलं.

देवळीतल्या कम्युनिस्टांचं काय झालं हे पाहिलं की या पद्धतीतला मोठा दोष उघडा पडतो. २२ जून १९४१ला हिटलरने रशियावर हल्ला केला. युद्ध साम्राज्यवाद्यांचं आहे असं म्हणणारे कार्यकर्ते छावणीच्या कुंपणाआड वाद घालत हळूहळू या मताला आले की आता हे लोकयुद्ध झालं आहे आणि त्याला पाठिंबा द्यायला हवा. जुलै १९४२मध्ये पक्षावरची बंदी उठली. मग त्यांच्या सुटका सुरू झाल्या, आणि महिन्याभरात त्यांच्या जागी काँग्रेसवाले आत आले. तुरुंगाचं दार उघडण्या-मिटण्याचा संबंध कृत्याशी नव्हता, मताशी होता.

९ ऑगस्ट १९४२च्या पहाटे गांधीजींना मुंबईतून पुण्याच्या आगाखान पॅलेसमध्ये आणलं. काँग्रेस कार्यकारिणी अहमदनगरच्या किल्ल्यात गेली. शिवाजी पार्कच्या सभेत बोलायला निघालेल्या कस्तुरबांना त्याच दिवशी पकडण्यात आलं. १५ ऑगस्टला गांधीजींचे सचिव महादेवभाई देसाई आगाखान पॅलेसमध्येच वारले. २२ फेब्रुवारी १९४४ला कस्तुरबा गेल्या. दोघांच्या समाध्या त्या आवारात आहेत आणि पुणेकर तिथे फिरायला जातात. समाध्यांपाशी उभं राहिल्यावर एक गोष्ट लक्षात यावी: कैदेत मरण आलेल्या या दोघांवर कुठल्याही कोर्टात आरोप ठेवलेला नव्हता.

कस्तुरबा हयात होत्या त्याच काळात, नोव्हेंबर १९४३मध्ये, इंग्लंडमधला फॅसिस्ट पुढारी ऑस्वल्ड मोस्ली याला तब्येतीच्या कारणाने सोडण्यात आलं आणि लोक खवळले. चर्चिल तेव्हा कैरोत होते. तिथून त्यांनी आपल्या गृहमंत्र्याला तार पाठवून सुटकेची पाठराखण केली. आरोप न ठेवता माणसाला तुरुंगात टाकण्याचा सत्तेचा अधिकार अत्यंत घृणास्पद आहे आणि हुकूमशाही सरकारांचा पाया त्यावरच असतो, असा त्या तारेचा आशय होता. त्या वेळी चर्चिल यांच्याच राज्यात गांधीजी पुण्यात आणि नेहरू अहमदनगरात बंद होते. त्यांच्या बाबतीत हे तत्त्व त्यांना आठवलं नाही.

नागपूरचाही एक खटला याच मालिकेतला. विमलाबाई देशपांडे यांनी भारत संरक्षण नियमांतल्या १२९व्या नियमाखालच्या अटकेला आव्हान दिलं. ते प्रकरण प्रिव्ही कौन्सिलपर्यंत गेलं आणि १९४६मध्ये निकाल लागला. अटक करणाऱ्या पोलीस अधिकाऱ्यापाशी वाजवी संशयाला कारण होतं हे त्यानेच कोर्टाला पटवून दिलं पाहिजे. युद्ध तेव्हा संपलेलं होतं.

मग स्वातंत्र्य आलं. संविधान सभेत बसलेल्यांपैकी कितीतरी जण याच कायद्यांखाली आत राहून आलेले होते. तरी प्रतिबंधक स्थानबद्धता त्यांनी टाकून दिली नाही. १५ सप्टेंबर १९४९ रोजी डॉ. आंबेडकरांनी जो मसुदा मांडला, त्यातून आजचा अनुच्छेद २२ आला. स्थानबद्धाला कारणं कळवायची, तीन महिन्यांहून अधिक ठेवायचं तर सल्लागार मंडळाचं मत घ्यायचं, अशा मर्यादा त्यात घातल्या. या तरतुदीवर सभेत कडाडून टीका झाली. फेब्रुवारी १९५०मध्ये पहिलं प्रतिबंधक स्थानबद्धता विधेयक मांडताना, अहमदनगरच्या किल्ल्यात राहून आलेल्या सरदार पटेलांनी आपल्याला या विचाराने झोप लागली नाही असं सांगितलं. ते खरंच असणार. विधेयक मात्र मंजूर झालं. तेव्हा देशात युद्ध नव्हतं. जगातल्या फार थोड्या लोकशाही संविधानांनी शांततेच्या काळातही ही मुभा अशी लिहून ठेवली आहे.

पुढचं युद्ध १९६२चं. २६ ऑक्टोबरला आणीबाणी जाहीर झाली आणि भारत संरक्षण वटहुकूम निघाला. नाव तेच, नियमांची भाषाही बरीचशी तीच, फक्त २६च्या जागी आता नियम ३०. आसाम, बंगाल आणि आजच्या मेघालयाच्या भागांतून चिनी वंशाच्या सुमारे ३,००० माणसांना गाड्यांत घालून थेट राजस्थानात नेलं. छावणीचं ठिकाण देवळीच. चहामळ्यांजवळच्या माकुमसारख्या गावांत पिढ्यान्‌पिढ्या राहिलेली ही कुटुंबं, बायकामुलं आणि म्हाताऱ्यांसकट. युद्ध महिन्याभरात थांबलं. काही कुटुंबं १९६७पर्यंत आत होती.

कम्युनिस्टांचीही पुन्हा धरपकड झाली. सर्वोच्च न्यायालयाने १९६३मध्ये माखनसिंग प्रकरणात, न्यायमूर्ती प्र. बा. गजेंद्रगडकरांच्या हातून, असं ठरवलं की राष्ट्रपतींच्या आदेशाने मूलभूत हक्क बजावण्याचा मार्ग बंद असताना स्थानबद्धाला त्या हक्कांच्या आधारे कोर्टात येता येणार नाही. सरकारने खुद्द त्या कायद्याचीच चौकट मोडली असेल किंवा दुष्ट हेतूने हुकूम काढला असेल, तर मात्र दाद मागता येईल. एवढी एक फट उघडी राहिली, आणि तिच्यातून मुंबईचा एक कैदी पुढे सरकला.

त्यांचं नाव प्रभाकर पांडुरंग संझगिरी. पुढे ते महाराष्ट्रातल्या मार्क्सवादी कम्युनिस्ट पक्षाचे नेते म्हणून ओळखले गेले. आर्थर रोडच्या तुरुंगात नियम ३०खाली स्थानबद्ध असताना, सरकारच्याच परवानगीने, त्यांनी मराठीत विज्ञानाचं एक पुस्तक लिहिलं. नाव ‘अणूच्या अंतरंगात’. सप्टेंबर १९६४मध्ये त्यांनी हस्तलिखित छपाईसाठी बाहेर पाठवू द्या असा अर्ज केला. सरकारने सहा महिन्यांनी, २७ मार्च १९६५ला, नकार कळवला. तुरुंगाच्या अधीक्षकांनीही नाही म्हटलं. मुंबई उच्च न्यायालयाच्या न्यायमूर्तींनी पुस्तकाची अनुक्रमणिका पाहिली. त्यात मूलकणांचं शास्त्रीय विवेचन होतं. देशाच्या संरक्षणाशी त्याचा संबंध नव्हता. हस्तलिखित पाठवू द्या असा आदेश झाला आणि महाराष्ट्र सरकार त्याविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात गेलं.

सरकारचा युक्तिवाद वाचण्याजोगा आहे. १९५१च्या मुंबई स्थानबद्धता अटी आदेशात कैद्याला ज्या सवलती दिल्या आहेत तेवढ्याच त्याला मिळतील, पुस्तक छापण्याची सवलत त्यात नाही, म्हणून ती नाही. म्हणजे माणूस आत गेला की त्याच्यापाशी काहीच उरत नाही, सरकार देईल ते त्याचं. न्यायमूर्ती सुब्बा राव यांनी हे उलटं फिरवलं. अटींचा आदेश कैद्याला काही देत नाही, तो त्याच्या स्वातंत्र्यावर मर्यादा घालतो. ज्यावर मर्यादा घातलेली नाही ते त्याचं त्याच्यापाशीच राहतं. पुस्तक पाठवण्यावर बंदी घालणारी अट कुठे नसेल तर सरकारला ते अडवता येणार नाही. शिवाय सामान्य जीवनात कमीत कमी ढवळाढवळ करावी असं खुद्द भारत संरक्षण कायद्याच्या ४४व्या कलमातच लिहिलेलं होतं.

निकालाची तारीख ६ सप्टेंबर १९६५. त्याच दिवशी भारतीय सैन्याने लाहोर आघाडीवर सीमा ओलांडली.

आणखी एक युद्ध पेटलेलं असताना सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की स्थानबद्धाचं विज्ञानाचं पुस्तक अडवता येत नाही. लेखक आत का आहे, हा प्रश्न त्या खटल्यात निघालाच नव्हता. १९६२च्या चीन युद्धासाठी जाहीर झालेली ती आणीबाणी उठली १० जानेवारी १९६८ला.